नॅनोसेकंदात बदलणारे ऑप्टिकल स्विच असताना मिलिसेकंद घेणारे आरसे का वापरतात?

लिथियम नायोबेट या स्फटिकाचा स्विच नॅनोसेकंदाच्या आसपास प्रकाशाची वाट बदलू शकतो, तरीही मोठ्या डेटा सेंटरमध्ये कित्येक मिलिसेकंद घेणारे सूक्ष्म आरशांचे स्विच का बसवतात, असे तुम्ही विचारले आहे. माझ्या मते स्विचचा वेग हा या हिशेबातला केवळ एक आकडा आहे, आणि बहुतेक ठिकाणी निर्णय दुसऱ्याच आकड्यांवर होतो.

आधी प्रकाश किती उरतो ते पाहावे. आरशांच्या स्विचमध्ये एका फायबरमधून आलेला किरण दोन इवल्याशा आरशांवरून परावर्तित होऊन हव्या त्या फायबरमध्ये शिरतो आणि पोर्ट (फायबर जोडण्याच्या जागा) वाढले तरी हे दोन आरसे दोनच राहतात. गूगलने स्वतःच्या डेटा सेंटरसाठी बनवलेला १३६ पोर्टांचा स्विच याच तत्त्वावर चालतो. लिथियम नायोबेटमध्ये विद्युतदाबाने अपवर्तनांक बदलतात आणि एक घटक दोनच वाटांमधून निवड करतो, त्यामुळे ६४ पोर्टांसाठी बेनेश पद्धतीने, म्हणजे असे घटक टप्प्याटप्प्याने एकापुढे एक मांडून, जोडणी केली तर असे ३५२ घटक लागतात आणि प्रत्येक किरणाला ११ टप्पे ओलांडावे लागतात. दर टप्प्याला १ डेसिबेल (सुमारे २० टक्के प्रकाश) गेला असे धरले, तरी शेवटी मूळ प्रकाशाच्या बाराव्या हिश्श्यापेक्षाही कमी हाती लागतो. सेमीकंडक्टर ऑप्टिकल ॲम्प्लिफायर (प्रकाश वाढवणारी चिप) हेही वेगवान दार आहे आणि ते ही घट भरूनही काढते, मात्र त्यात स्वतःचा नॉइज मिसळते.

साठवणुकीची अडचण मला याहून मूलभूत वाटते. इलेक्ट्रॉनिक स्विचमध्ये एकाच पोर्टासाठी दोन पॅकेटे (डेटाचे छोटे गठ्ठे) एकदम आली, तर एकाला मेमरीत थांबवता येते. प्रकाशाला असे थांबवता येत नाही, फार तर लांबच्या वाटेने पाठवता येते. फायबरमध्ये त्याला दर मीटरला साधारण ५ नॅनोसेकंद लागतात. सेकंदाला १०० गिगाबिट या वेगाने १५०० बाइटचे पॅकेट १२० नॅनोसेकंदांचे होते, म्हणजे तेवढा वेळ काढण्यासाठी २४ मीटर फायबरचे वेटोळे हवे. आणि एकदा पॅकेट त्यात शिरले, की बाहेर पडण्याची वेळ बदलता येत नाही.

तिसरी गोष्ट मी प्रयोगशाळेत शिकलो. ऑसिलोस्कोपवर स्विच बदलतानाची प्रकाशाची कड (चढउताराची रेषा) अगदी उभी, सुबक दिसत होती आणि तरीही पुढे बराच वेळ चुकीचे बिट येत होते, कारण नवीन स्रोताच्या घड्याळाशी आणि प्रकाशाच्या तीव्रतेशी जुळवून घ्यायला रिसीव्हरला वेळ लागत होता. घरोघरी आलेल्या जीपॉन फायबरमध्येही (यात एकच फायबर अनेक ग्राहकांत वाटलेले असते) हाच प्रश्न असतो: जवळच्या आणि दूरच्या ग्राहकांचा प्रकाश कमीअधिक तीव्रतेने आळीपाळीने एकाच रिसीव्हरवर येतो, म्हणून तिथे बर्स्ट मोडचा, म्हणजे प्रत्येक ग्राहकाच्या प्रकाशाशी झटपट जुळवून घेणारा, खास रिसीव्हर लागतो.

या तिन्ही अडचणींचा एकत्र विचार केलेली डेटा सेंटरच्या जाळ्याची रचना म्हणून मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी २०२० मध्ये मांडलेली सिरियस तुम्ही अवश्य अभ्यासावी. तिच्यात मधला स्विच म्हणजे वीज न लागणारी ग्रेटिंग (तरंगलांबीनुसार प्रकाश वेगवेगळ्या दिशांना पाठवणारा घटक) आहे आणि लेसरने तरंगलांबी बदलली की प्रकाश आपोआप दुसऱ्या पोर्टातून निघतो. कोण कोणाशी केव्हा जोडले जाणार याचे वेळापत्रक आधीच ठरलेले असल्यामुळे प्रकाश अडवून ठेवण्याची गरज पडत नाही, आणि तोच स्रोत पुन्हा पुन्हा येत असल्याने रिसीव्हर त्याची आधीची जुळणी लक्षात ठेवू शकतो. अशा रीतीने एक जोडणी बदलून दुसरी सुरू व्हायला त्यांना ३.८४ नॅनोसेकंद पुरले.

याउलट, एआय मॉडेलच्या प्रशिक्षणासाठी एकदा केलेली जोडणी तासन्‌तास तशीच राहणार असेल, तर सुरुवातीचे १० मिलिसेकंद कोणाच्याही लक्षात येत नाहीत. तिथे कमी घट देणारे आरसेच योग्य ठरतात. तुमच्या प्रकल्पात स्विच निवडण्यापूर्वी जोडणी किती काळ टिकणार आहे ते ठरवा, आणि मोजमाप करताना केवळ प्रकाशाची कड न मोजता, नियंत्रण संकेत दिल्यापासून पहिला बिनचूक बिट मिळेपर्यंतचा काळ मोजा.