क्योतोला शिकायला निघालेल्या विद्यार्थिनीला पत्र

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझी विषयांची यादी पाहिली. भाषा, सांस्कृतिक मानसशास्त्र, जपानी समाजरचना हे तू पक्कं केलंयस आणि आधुनिक जपानचा इतिहास जड जाईल म्हणून गाळते आहेस. तो गाळू नकोस. भाषेनंतर पहिला तोच घे. का, ते सविस्तर लिहिते.

मानसशास्त्राच्या वर्गात सुरुवातीलाच तुला हेझल मार्कस आणि शिनोबू कितायामा यांचा १९९१ चा लेख वाचायला देतील. अमेरिकेत माणूस स्वतःकडे सुटी, स्वतंत्र व्यक्ती म्हणून बघतो, जपानमध्ये नात्यांत गुंतलेली व्यक्ती म्हणून, अशी त्यांची मांडणी. लेख महत्त्वाचाच आहे. पण वर्गावर्गांतून फिरत तो आपल्यापर्यंत येतो तेव्हा 'जपानी माणूस समूहप्रिय' एवढंच शिल्लक राहिलेलं असतं. ही समजूत जपानी संशोधकांनीच तपासून पाहिली आहे. योतारो ताकानो आणि एइको ओसाका यांनी १९९९ साली दोन्ही देशांची तुलना करणारे अभ्यास एकत्र मांडले, तर त्यांत तिला आधार सापडला नाही. पुढे २००२ साली स्टीव्हन हाइन आणि सहकाऱ्यांनी प्रश्नावलीतलीच अडचण दाखवली. माणूस स्वतःला गुण देतो तो आसपासच्या लोकांकडे बघून. ओसाकातली बाई ओसाकाकरांशी तुलना करते, शिकागोतली शिकागोकरांशी. मग दोन सरासऱ्या शेजारी ठेवून खरा फरक कळणार कसा? म्हणून आकडा समोर आला की कोणाला विचारलं, केव्हा विचारलं आणि उत्तर कोणाला हवं होतं, हे आधी बघ. जपानी स्वभावाविषयी अमेरिकेत सर्वांत गाजलेलं पुस्तक रूथ बेनेडिक्ट यांचं, १९४६ चं. त्याचा अभ्यास महायुद्ध चालू असताना अमेरिकी सरकारसाठी झाला होता आणि त्या कधीच जपानला गेल्या नव्हत्या.

या अभ्यासक्रमांत जपान बहुतेक वेळा अमेरिकेसमोर उभा केलेला असतो. तू तिसऱ्या ठिकाणाहून येते आहेस, हे तुझं बळ आहे, आणि ते कसं वापरायचं हे चिए नाकाने यांच्याकडून शिकण्यासारखं आहे. टोकियो विद्यापीठातल्या या पहिल्या महिला प्राध्यापक. १९५० च्या दशकात त्यांनी भारतात राहून अभ्यास केला, गारो आणि खासी समाजांत मुक्काम केला. जपानी समाजाच्या उभ्या, म्हणजे वरिष्ठ-कनिष्ठ नात्यांच्या, रचनेवरचं त्यांचं १९६७ चं पुस्तक मी विद्यार्थ्यांना आवर्जून वाचायला लावते, कारण त्यात भारत डोळ्यांसमोर ठेवून जपान पाहिलेला आहे. भारतात माणसाची ओळख जातीवरून, जपानमध्ये तो ज्या घरात, ज्या कंपनीत आहे त्यावरून, असं त्या म्हणतात. उदाहरण सासू-सुनेचं. जपानी सून घरातल्या घरात एकटी सोसते, तर भारतीय खेड्यातल्या सुनेला माहेर असतं, भाऊ येऊन-जाऊन असतो आणि भांडणाचा आवाज ऐकून जातीतल्या शेजारणी धावून येतात. आपल्याकडच्या किती सुनांच्या वाट्याला असं माहेर येतं, हा प्रश्न तुला वाचताक्षणी पडेल. तो वर्गात विचार. तिथे तो तुझ्याइतक्या माहितीने विचारणारं दुसरं कोणी बहुधा नसेल.

पण नाकाने यांच्या चित्रातही जपान फार एकजिनसी दिसतो, आणि इथे इतिहासाशिवाय तुझं चालणार नाही. कातडी कमावणं, मेलेली जनावरं ओढणं ही कामं ज्यांच्या माथी मारली होती, त्या लोकांवरची कायद्याची हीन मोहोर १८७१ साली उठली, पण लग्नात आणि नोकरीत वंश शोधणं थांबलं नाही. ३ मार्च १९२२ रोजी, म्हणजे महाडच्या सत्याग्रहाच्या पाच वर्षं आधी, या बुराकू समाजाने सुइहेइशा ही आपली संघटना स्थापन केली. कुठे, तर तू निघाली आहेस त्याच क्योतोत. सामंजस्य हा जपानी स्वभाव, असं पुस्तकात वाचशील तेव्हा त्या सामंजस्याची किंमत कोणी मोजली, हे तुला माहीत असायला हवं. क्योतो स्टेशनपासून जवळच यानागिहारा बँकेच्या जुन्या इमारतीत संग्रहालय आहे. बुराकू वस्तीतल्या लोकांनी ती बँक १८९९ मध्ये काढली होती. पहिल्याच महिन्यात तिथे जाऊन ये.

चीनविषयी थोडंच सांगते. थॉमस टॅलहेल्म आणि सहकाऱ्यांचा २०१४ चा अभ्यास तुला आवडेल: भात पिकवणाऱ्या दक्षिणेत परस्परावलंबन जास्त, गहू पिकवणाऱ्या उत्तरेत कमी. कारण भाताला पाणी लागतं, आणि पाण्याला शेजारी. वाचून कोकण आणि देश मनात येतीलच. मोह होईल, पण पाटबंधारे, जमीनधारणा आणि जात पाहिल्याशिवाय त्यावर प्रबंधाचा विषय ठरवू नकोस.

भाषेचं मात्र आत्ताच मनावर घे. पुण्यात आहेस तोवर रोज कांजी, म्हणजे जपानी लिखाणातली चिनी चिन्हं, गिरव. प्रश्नावल्या इंग्रजी अनुवादात न वाचता जपानीत वाचता येतील इतकी तयारी दुसऱ्या वर्षापर्यंत व्हायला हवी. सत्रात चार विषय झेपत नसतील तर समाजरचनेचा पुढच्या सत्रात घे, आणि इतिहासाच्या प्राध्यापकांना आजच ईमेल करून पहिल्या महिन्याची वाचनयादी मागव.

तुझी,
मॅडम