जुन्या घरात फ्रिजला हात लावला की झिणझिण्या येतात, अर्थिंग कसं तपासायचं?

तुमचा वायरमन म्हणतोय की न्यूट्रलवरूनच (वीज परत नेणाऱ्या वायरवरूनच) अर्थ देऊ. देऊ देऊ नका. तुमचा प्रश्न तपासण्याचा आहे हे कळतंय, पण आधी हे सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

आमचं घर कोल्हापुरात, मंगळवार पेठेत, आजोबांच्या काळचं. अर्थची तार नळाच्या लोखंडी पाइपला आवळलेली होती. न्हाणीघर नवं केलं तेव्हा पाइप प्लास्टिकचे आले आणि त्या तारेकडे कुणी बघितलंच नाही. थोड्याच दिवसांत आई म्हणायला लागली, "फ्रिज धरला की मुंग्या येत्यात रं."

दादाने वायरमन आणला. त्याने सॉकेट उघडून न्यूट्रल आणि अर्थ वायरच्या तुकड्याने जोडले. मुंग्या थांबल्या. हे चुकीचं आहे म्हणून मी भांडलो, तर दादा म्हणाला, "शॉक बंद झाला न्हवं? मग?"

त्या पावसाळ्यात मीटरपाशी न्यूट्रलचा जोड सुटला. घरात अंधार, सगळ्यांना वाटलं लाइट गेली. पण फेज (वीज आणणारी वायर) चालूच होता. तो फ्रिजच्या मोटारीतून, त्या तुकड्यावरून, थेट पत्र्यावर आला. आई फ्रिजवरची काडेपेटी चाचपायला गेली, अनवाणी, ओल्या फरशीवर. ती मागे फेकली गेली म्हणून वाचली. मनगट मोडलं.

मग परसात, भिंतीपासून दीड मीटर लांब, अडीच मीटरचा जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप पुरला, कोळसा-मीठ घालून. अर्थचा रोध टेस्टरवर 5 ओहमच्या आत आला. खाली मुरूम आहे, म्हणून उन्हाळ्यात पाणी घालतो. आणि 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज जरा गळली की मेन तोडणारा स्विच) बसवली. ती हवीच. फेज पत्र्याला लागला तर 230 व्होल्टला 5 ओहम म्हणजे 46 अँपिअर, तेवढ्याने 32 अँपिअरची एमसीबी (जास्त प्रवाहाला पडणारा स्विच) लगेच पडत नाही.

बसवल्यावर आरसीसीबी सारखी पडायला लागली. वायरमन म्हणाला पीस खराब आहे, दादाने लगेच मान डोलावली. मी एकेक बोर्ड उघडला. स्वयंपाकघरात, मिक्सरच्या बोर्डात, तसाच दुसरा तुकडा! तो काढला, तेव्हापासून विनाकारण कधी पडलेली नाही. दादाच्या नव्या घरातही त्याच वायरमनचं काम आहे. सांगून दमलो, अजून एकही बोर्ड उघडलेला नाही. शॉक थांबणं म्हणजे अर्थिंग नव्हे, एवढंच मी तेव्हा म्हणत होतो आणि आजही म्हणतो.

तर तुमचं. मेन बंद करून आधी सगळे बोर्ड उघडा, असे तुकडे शोधा, कारण ते असतील तर पुढची तपासणी खोटी ठरते. मग होल्डरला दोन वायरी लावून 100 वॅटचा साधा, तारेचा बल्ब घ्या. फेज-न्यूट्रलला लावा, मग फेज-अर्थला. उजेड सारखाच पडला तर ढोबळमानाने ठीक, मंद पडला तर अर्थचा खड्डा किंवा जोड कमजोर, पेटलाच नाही तर अर्थ तुटलेलं. नुसत्या मल्टिमीटरवर विसंबू नका, कमजोर अर्थलाही तो 230 दाखवतो. आरसीसीबी असेल तर ती या तपासणीत पडेल, तो बिघाड नाही.

हे चांगल्या वायरमनकडूनच करून घ्या. आणि बल्ब लावायच्या आधी घरातल्या सगळ्या थ्री पिन काढा, गिझर थेट जोडलेला असेल तर त्याला कुणाला हात लावू देऊ नका. अर्थ तुटलेलं असेल तर बल्ब जोडलेला असेपर्यंत प्रत्येक पत्र्यात फेज येतो.