कॉलेजच्या मुलांना देशाचा इतिहास आणि राजकीय विचार शिकवायच्या नवीन पद्धती कोणत्या?

मी तालुक्याच्या कॉलेजात राज्यशास्त्र शिकवतो. पीपीटी, व्हिडिओ, क्विझ याला मी नवीन मानतच नाही, फळ्यावरचं पडद्यावर आलं इतकंच. मुलांना मूळ भाषणं वाचायला द्या आणि त्यावरून वर्गात भांडू द्या. संविधान सभेच्या चर्चा लोकसभेच्या साइटवर फुकट आहेत.

मी टीवायला, म्हणजे पदवीच्या तिसऱ्या वर्षाला, खेड्यांचा वाद घेतो. ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधानाचा मसुदा मांडताना बाबासाहेबांनी खेड्याला संकुचितपणाचं आणि अज्ञानाचं डबकं ठरवलं, मसुद्याने गाव सोडून व्यक्ती हा घटक धरला याचा आनंद आहे असंही म्हणाले. दुसऱ्याच दिवशी सभेतले एक सदस्य ह. वि. कामत गांधींच्या पंचायत राजची बाजू घेऊन त्यांच्यावर तुटून पडले. २२ नोव्हेंबरला दुसरे सदस्य के. संथानम यांनी सरकारने ग्रामपंचायती उभ्या कराव्यात अशी दुरुस्ती आणली, बाबासाहेबांनी ती स्वीकारली आणि त्यातून आजचं कलम ४० आलं. गाइडमध्ये यातली शेवटची एकच ओळ असते.

बाजू मी मुद्दाम उलट्या वाटतो. एका वर्षी सरपंचाच्या मुलाला बाबासाहेबांची बाजू दिली आणि दलित वस्तीतल्या एका मुलीला कामतांची. तो आधी नाराज होता, सर मी गावाविरुद्ध कसं बोलू म्हणाला. मग घरी जाऊन त्याने ग्रामपंचायतीची जुनी प्रोसिडिंग बुकं काढली आणि वस्तीत नळ कधी मंजूर झाला, प्रत्यक्षात पाणी कधी आलं ते शोधून थेट वर्गात वाचून दाखवलं. मुलगी उठली आणि म्हणाली, बरोबर आहे, पण आज माझी आई त्याच पंचायतीत राखीव जागेवरून निवडून आलीय, ७३ वी घटनादुरुस्ती झाली नसती तर तिला कोणी विचारलं असतं का? तास संपला तरी कोणी उठेना. हे दोघं आंबेडकर आणि गांधी काय म्हणत होते ते आता जन्मात विसरणार नाहीत.

यावर आमच्याकडच्या एका सीनियर प्राध्यापकांनी स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर सुनावलं होतं की ही नाटकं बंद करा, सिलॅबस पुरा करा, आणि जातीचे विषय वर्गात उकरू नका. मला ते आजही पटत नाही. संविधान सभेत हाच विषय उघडपणे बोलला गेला, मग वीस वर्षांच्या मुलांपासून तो कशाला लपवायचा? वाद टाळून राजकीय विचार शिकवता येतो असं ज्यांना वाटतं त्यांनी तारखा पाठ करून घ्याव्यात, विचार शिकवतो म्हणू नये.

आता अडचणी. शंभरच्या वर्गात हे जमत नाही, गट पाडावे लागतात. भाषणं बहुतेक इंग्रजीत आहेत, त्यामुळे मराठी माध्यमाच्या मुलांसाठी दोन-तीन पानं तुम्हालाच मराठीत करून द्यावी लागतात, तयारीला वेळ जातो. आणि वस्तीतल्या मुलाला किंवा मुलीला आधी एकट्यात विचारा, तयार नसेल तर अजिबात उभं करू नका. परीक्षेत याचे वेगळे मार्क नाहीत, इंटर्नलच्या असाइनमेंटमध्ये बसवता येतं, मी तसंच करतो.