गुटखा सोडून दोन वर्षं झाली, तोंडात काही दुखत नाही, तरी डेंटिस्टला दाखवायचं का?

हो, दाखवाच, दुखायची वाट बघू नका, कारण तोंडाचा कॅन्सर सुरुवातीला बहुतेकदा दुखतच नाही. मी इथे इंदूरलाच डेंटिस्ट आहे, लोक दाढ किडली म्हणून येतात आणि गालाच्या आतला पांढरा चट्टा त्यांना माहीतच नसतो. गुटखा सोडलात हे फार चांगलं केलंत, धोका कमी होत जातो पण लगेच संपत नाही, आणि नुसती सुपारीसुद्धा कॅन्सर करते बरं का. आरशात बघा:

- तीन बोटं उभी तोंडात जात नाहीत
- लाल किंवा पांढरा चट्टा
- दोन आठवड्यांत न भरलेली जखम

यातलं काही असेल तर लगेच सरकारी डेंटल कॉलेजात जा. फक्त घाबरू नका, प्रत्येक चट्टा कॅन्सर नसतो, ते बायोप्सीवरच, म्हणजे चट्ट्याचा छोटा तुकडा काढून केलेल्या तपासणीवरच कळतं.