डायलिसिस युनिटमध्ये नवीन आहे. पेशंट खचलेले दिसतात, नर्स म्हणून काय करता येईल?

ताई, तुम्ही लिहिलंय की बीड जिल्ह्यातल्या उपजिल्हा रुग्णालयात डायलिसिस युनिटला नुकतीच बदली झाली आहे. मशीन लावणं-सोडणं जमायला लागलंय, पण पेशंट चार तास भिंतीकडे तोंड करून पडून राहतात, त्याचं काय करावं कळत नाही. मी लातूरकडे हेच काम करते. माझ्या मते पेशंटला सगळ्यात जास्त छळतं ते दोन डायलिसिसच्या मधे अंगात साठणारं पाणी. आणि तिथे आपल्या बोलण्याचा खूप उपयोग होतो, फक्त ते बोलणं रागावण्याचं नको.

हिशोब बघा. ताशी किलोमागे 13 मिलिलिटरपेक्षा जास्त पाणी ओढू नये असं मानतात. 60 किलोच्या माणसाचं चार तासांत जेमतेम तीन लिटर निघतं. तो पाण्याचं साडेचार किलो वजन वाढवून आला आणि आपण सगळं एकदम काढलं, की बीपी पडतो, पोटरीत गोळे येतात, दुसऱ्या दिवशीही उठवत नाही. मग तो म्हणतो, "डायलिसिसनं ताकदच जाती ओ सिस्टर." घरचेही तेच धरून बसतात आणि पुढची पाळी चुकवतात.

आपण काय करतो? काट्यावर उभं करून सगळ्यांसमोर म्हणतो, "एवढं पाणी का पिलात?" तो मान खाली घालतो. पुढच्या वेळी खरं सांगत नाही. त्याऐवजी मी विचारते, "काल जेवायला काय होतं?" कारण साधारण 8 ग्रॅम मीठ पोटात गेलं की शरीर लिटरभर पाणी मागतं. मीठ चालू ठेवून पाणी तोड म्हणणं म्हणजे छळच आहे, त्यातून मराठवाड्यातला एप्रिल-मे. भाकरीसोबत ठेचा, लोणचं, पापड, स्टँडवर घेतलेलं फरसाण, सगळं हळूहळू बोलण्यात येतं. मग एकेक गोष्ट कमी करायची, सगळं एकदम बंद नाही. लसूण, भाजलेलं जिरं, कोथिंबीर, थोडं लिंबू यांनी आळणी भाजीही खाल्ली जाते. घरी स्वयंपाक करणारी व्यक्ती सोबत आली असेल तर तिलाच समजावा.

दोन गोष्टी आवर्जून सांगा. सैंधव चालतं असा बऱ्याच जणांचा समज असतो, पण तेही मीठच. आणि दुकानात 'लो सोडियम' म्हणून मिळणाऱ्या मिठात पोटॅशियम असतं, ते या पेशंटला घातक ठरू शकतं. उन्हाळ्यात पाहुणे मायेनं नारळपाणी, मोसंबीचा रस आणतात, त्यालाही हेच लागू. पोटॅशियम चढलं की हृदयाचे ठोके बिघडतात, आणि मधे दोन दिवसांची सुट्टी पडते तेव्हा धोका जास्त.

पाण्याचं माप डॉक्टर ठरवतात. साधारणपणे दिवसभराच्या लघवीइतकं आणि वर अर्धा लिटर. सकाळीच तेवढी बाटली भरून ठेवायला सांगा. चहा, ताक, आमटी, सगळं त्यातच धरायचं. थंड पाण्यानं चूळ भरली तरी तोंडाला बरं वाटतं. शुगर वाढलेली असेल तर तहान हटणार नाही, तेही बघा.

मशीनवर असताना ज्यांचा बीपी वारंवार पडतो, त्यांच्यासाठी डायलिसेटचं, म्हणजे मशीनमधल्या रक्त साफ करणाऱ्या द्रावणाचं, तापमान थोडं कमी ठेवण्याबद्दल डॉक्टरांना विचारा. थंडी वाजते, म्हणून पांघरूण हाताशी असू द्या. सकाळची बीपीची गोळी घेऊन यायचं की नंतर घ्यायची, हेही पेशंटगणिक विचारून घ्या. पहिल्या दोन तासांत पायाचे पंजे वर-खाली हलवायला लावा, पडल्यापडल्या होतं. अंगाची खाज विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही. कोरड्या कातडीला खोबरेल बरं, पण फॉस्फरस वाढल्यानंही खाज येते, म्हणून तो कमी करणारी गोळी जेवणासोबतच घेतात ना, हे आधी तपासा.

फिस्टुला म्हणजे डायलिसिसच्या सुया लावण्यासाठी हातातली शीर आणि धमनी जोडून केलेली जागा. तिची थरथर रोज हात लावून बघायला प्रत्येकाला शिकवा. थरथर थांबली तर त्याच दिवशी यायचं. त्या हाताला बीपीचा पट्टा नाही, सलाईन नाही, त्या हातानं जड ओझं नाही. सुईची जागा दरवेळी थोडी बदला.

आता त्या भिंतीकडे बघत पडणाऱ्या माणसांबद्दल. मला दिसतं ते असं, की कमावता माणूस आजारापेक्षा घरावर भार झाल्याच्या बोचणीनं जास्त खचतो. त्याच्याजवळ स्टूल ओढून बसा. झोप लागते का, शेतात आता कोण बघतं, पोरीच्या शाळेचं काय, असं विचारा. गप्पा मारणारे दोघं शेजारशेजारच्या बेडवर घ्या, युनिटचा सूरच बदलतो. कुणी "आता कशाला करायचं हे" म्हणालं तर "असं बोलू नका" म्हणून विषय बंद करू नका. पूर्ण ऐका, आणि त्याच दिवशी डॉक्टरांच्या कानावर घाला.

पैशाची चिंता बोलून जात नाही. महात्मा फुले जनआरोग्य योजनेचे कागद पूर्ण आहेत का ते बघा, एसटीच्या प्रवास सवलतीची आगारात चौकशी करायला सांगा. आणि पाळ्या लावताना लांबच्या गावच्यांना परतीची गाडी मिळेल अशीच वेळ द्या, नाहीतर गळून गेलेला माणूस रात्री स्टँडवर बसून राहतो.