लंडनहून गाडीशिवाय, वयस्कर आई-बाबांना झेपेल अशी खेड्यापाड्यातली पायवाट कुठली?

तुमच्या प्रश्नावरून मला कळलं ते असं: आई-बाबा पासष्टीच्या पुढचे, बाबांचे गुडघे कुरकुरतात, आई बहुतेक साडीतच फिरणार, तुमच्याकडे गाडी नाही आणि लंडन बघून झाल्यावर एक-दोन दिवस खेड्यातलं इंग्लंड पायी दाखवायचंय. बरीच वर्षं इकडे राहतोय आणि उन्हाळ्यात पाहुणे फिरवणं हा आमच्या घरचा ठरलेला उद्योग आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

वाट निवडताना किती मैल आहे ते नंतर बघा. आधी वाटेत ‘स्टाइल’ किती आहेत ते बघा. स्टाइल म्हणजे कुंपण ओलांडायला ठोकलेल्या दोन-तीन फळ्या. वर चढायचं, तोल सांभाळत पाय पलीकडे टाकायचा आणि उतरायचं. सपाटीवर पाच किलोमीटर आरामात चालणारी माणसं तिसऱ्या-चौथ्या स्टाइलला हात टेकतात, आणि साडीत तर विचारूच नका. यातून वाट काढायची एक युक्ती आहे. खांबावर पिवळा बाण असेल तर ती फक्त चालणाऱ्यांची वाट. निळा बाण असेल तर ब्रायडलवे, म्हणजे घोड्यावरून जाणाऱ्यांनाही खुली. घोड्याला स्टाइल ओलांडता येत नाही, त्यामुळे निळ्या वाटेवर फाटकं असतात. ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा संस्थेच्या 1:25,000 नकाशावर फुटपाथ आखूड हिरव्या तुटक रेघांनी आणि ब्रायडलवे लांब तुटक रेघांनी दाखवलेला असतो. घरबसल्या अॅपवरही हे बघता येतं. तोटा एकच, पावसाळी दिवसांत टापांनी त्या वाटेचा पार चिखल झालेला असतो.

दुसरं, कुणाच्या शेतातून जायचं म्हणून आपल्या माणसांना फार अवघडल्यासारखं होतं. बाबा हमखास विचारतील, “मालक ओरडणार नाही ना?” नाही ओरडणार. इंग्लंड आणि वेल्समध्ये मिळून सव्वादोन लाख किलोमीटरच्या आसपास अशा वाटा आहेत आणि त्यांवरून जाण्याचा हक्क कायद्याने आहे. वाट उभ्या पिकातून जात असेल तर ती मोकळी ठेवणं ही शेतकऱ्याची जबाबदारी. आपण वाट सोडायची नाही, आणि फाटक जसं असेल तसं ठेवायचं. लावलेलं असेल तर लावायचं, उघडं असेल तर उघडंच.

आता जागा. एकच दिवस असेल तर मी एव्हबरी म्हणेन. सगळे स्टोनहेंजला पळतात, तिकीट काढतात आणि दोरीच्या अलीकडून बघून परत येतात. एव्हबरीला तिकीट नाही, दोरी नाही. जगातलं हे सर्वात मोठं दगडी वर्तुळ, व्यास तीनशे मीटरच्या वर, आणि अर्धंअधिक गावच त्याच्या आत वसलेलं आहे. पबसुद्धा. दगडांना हात लावा, टेकून बसा, आजूबाजूला मेंढ्या चरत असतात. मध्ययुगात गावकऱ्यांनी यातले बरेच दगड पाडून पुरले. पुढे सतराव्या-अठराव्या शतकात लोकांनी ते आगीत तापवून, वर पाणी ओतून फोडले आणि घरांना वापरले. 1930 च्या दशकात अलेक्झांडर कीलर या मार्मालेडच्या व्यवसायातून पैसा आलेल्या हौशी पुरातत्त्ववाल्याने पुरलेले दगड शोधून पुन्हा उभे केले. 1938 मध्ये अशाच एका दगडाखाली माणसाचा सांगाडा सापडला, सोबत कात्री आणि चौदाव्या शतकाच्या सुरुवातीची चांदीची नाणी. तो न्हावी-वैद्य असावा असा तेव्हाचा तर्क. ही गोष्ट त्या दगडापाशी उभं राहून सांगा, बाबा तासभर हलायचे नाहीत.

वर्तुळ बघून पाय चालत असतील तर नदीच्या कडेने सिल्बरी हिलकडे जा. माणसांनी रचलेली ही सुमारे 30 मीटर उंच टेकडी साडेचार हजार वर्षांपूर्वीची आहे. कशासाठी रचली ते आजवर कुणालाच उलगडलेलं नाही, आत थडगंही सापडलं नाही. वर चढायला बंदी आहे, त्यामुळे “चला जाऊन येऊ” हा प्रश्नच मिटतो. रस्त्यापलीकडे हलक्या चढावर वेस्ट केनेट लाँग बॅरो आहे. हे त्याहूनही हजारेक वर्षं जुनं सामुदायिक थडगं, थोडं वाकून आत जाता येतं. आई दमली तर सिल्बरी लांबून बघून मागे फिरा, काही बिघडत नाही. जायचं कसं: लंडनच्या पॅडिंग्टन स्टेशनहून रेल्वेने स्विंडन तासाभरात, तिथून डिव्हाइझेसची 49 नंबरची बस थेट गावात सोडते. एक काळजी घ्या. वर्तुळाच्या मधून रहदारीचा रस्ता जातो आणि दगड बघण्याच्या नादात माणसं तो विसरतात.

लांबचा प्रवास नको असेल तर रनीमीड. लंडनच्या वॉटर्लू स्टेशनहून एगमला पाऊण तासाच्या आत रेल्वे पोचते आणि तिथून चालत वीस-पंचवीस मिनिटांत थेम्सकाठचं कुरण. 1215 साली जॉन राजाने मॅग्ना कार्टाला, म्हणजे राजाच्या सत्तेला कायद्याच्या मर्यादा घालणाऱ्या सनदेला, मान्यता दिली ती इथे. जागा म्हणजे नुसतं सपाट गवत. पण त्या गवतात ह्यू लॉक या शिल्पकाराने 2015 मध्ये ब्राँझच्या बारा खुर्च्या मांडल्यात, आणि त्या बसण्यासाठीच आहेत. दुखऱ्या गुडघ्यांसाठी याहून चांगलं स्मारक मला माहीत नाही. प्रत्येक खुर्चीवर हक्कांच्या लढ्यातलं काही ना काही कोरलंय. त्यांत कॉर्नेलिया सोराबजी शोधा. जन्म नाशिकचा, शिक्षण पुण्याच्या डेक्कन कॉलेजात, पुढे ऑक्सफर्डला कायदा शिकणारी पहिली स्त्री. आईला तिथे बसवून फोटो काढाच.

वरच्या कूपर्स हिलवर हवाई दलाचं स्मारक आहे. दुसऱ्या महायुद्धात ज्यांचे देहही सापडले नाहीत अशा 20 हजारांहून जास्त जणांची नावं तिथे कोरलेली आहेत, त्यात नूर इनायत खान या भारतीय वंशाच्या ब्रिटिश हेराचंही. याच टेकडीवर 1872 ते 1906 रॉयल इंडियन इंजिनिअरिंग कॉलेज होतं. हिंदुस्थानातल्या पीडब्ल्यूडीसाठी इथून इंजिनिअर तयार होऊन जात. बाबा सरकारी बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले असतील तर त्यांना हे सांगाच! झाडीतून वर जाणारी वाट मात्र चांगली चढणीची आहे. गुडघ्यांचा विचार करून एगमहून टॅक्सीने वर जा आणि कुरण वेगळं बघा.

कॅलेंडरवरचं इंग्लंड, म्हणजे मधाच्या रंगाची दगडी घरं, ओढा, बदकं हे हवंच असेल तर कॉट्सवोल्ड्समधल्या बोर्टन-ऑन-द-वॉटरला जा, पण तिथे थांबू नका. उन्हाळ्यात तिथे जत्रा असते. गावातून लोअर स्लॉटरला जाणारी वाट अडीच किलोमीटरच्या आसपास, जवळपास सपाट. दोन्ही बाजूंना चुन्याशिवाय रचलेले गडगे, पुढे आय नावाची चिमुकली नदी आणि जुनी पाणचक्की. आणखी दीड किलोमीटरवर अप्पर स्लॉटर. इंग्लंडच्या जवळपास प्रत्येक गावात महायुद्धांत पडलेल्यांची नावं कोरलेला खांब दिसतो. पण अप्पर स्लॉटरमधून दोन्ही महायुद्धांना गेलेले सगळे परत आले. पॅडिंग्टनहून मोरटन-इन-मार्श, तिथून 801 नंबरची बस. रविवारी बसचा भरवसा धरू नका. बायबरीला जा असंही बरेच जण सांगतील. सुंदर आहे, पण चालायला नव्हे, फोटो काढायला, आणि तेही पहाटे.

केंब्रिज यादीत असेलच तर ग्रँटचेस्टरपर्यंत नदीकाठची तीनेक किलोमीटरची बहुतांशी पक्की वाट आहे, स्टाइलची भानगड नाही. शेवटी सफरचंदाच्या बागेत चहा.

बाकी बारीकसारीक. पबमधली स्वयंपाकघरं दुपारी दोन-अडीचनंतर बरेचदा बंद होतात, म्हणून जेवण आधी उरका. शाकाहारींना जॅकेट पोटॅटो (सालासकट भाजलेला बटाटा), सूप, चीज सँडविच एवढं बहुतेक ठिकाणी मिळतं, तरी दशम्या-चटणी पिशवीत असू द्या. दम लागला तर गावातलं चर्च गाठा. दिवसा ते सहसा उघडं असतं, आत बाक असतात आणि कुणी काही विचारत नाही. वाटेच्या कडेच्या खाजकुयलीसारख्या हिरव्या झुडपांना, नेटल्सना, पाय लागू देऊ नका. गायी वासरांसह असतील तर त्यांच्या मधून जायचं नाही, लांबून वळसा घ्यायचा. आणि गावात उतरल्या उतरल्या परतीच्या शेवटच्या बसची वेळ थांब्यावर वाचून फोनवर फोटो काढून ठेवा, कारण ती अनेक ठिकाणी संध्याकाळी लवकरच असते.

ते कुठल्या महिन्यात येताहेत हे तुम्ही लिहिलेलं नाही. मे ते सप्टेंबर असेल तर वरचं सगळं जमेल. हिवाळ्यात येत असतील तर कळवा. तेव्हा रनीमीडच्या कुरणात थेम्सचं पाणी शिरू शकतं आणि चारलाच अंधारतं, त्यामुळे मी फक्त एव्हबरी ठेवेन, तेही सिल्बरी वगळून.