काँगो नावाचे खरंच दोन देश आहेत का? फरक काय?

हो, दोन आहेत आणि शेजारीशेजारी. मोठा तो डेमोक्रॅटिक रिपब्लिक ऑफ काँगो, राजधानी किन्शासा, आधी बेल्जियमच्या ताब्यात होता, ३० जून १९६० ला सुटला, १९७१ ते १९९७ याचंच नाव झाईर होतं म्हणून जुन्या ॲटलासमध्ये काँगो शोधाल तर घोटाळा होतो. क्षेत्रफळ साधारण २३.४५ लाख चौरस किमी, म्हणजे भारताच्या दोन तृतीयांशपेक्षा थोडं जास्तच. छोटा तो रिपब्लिक ऑफ काँगो, राजधानी ब्राझाव्हिल, हा फ्रान्सकडे होता, १५ ऑगस्टलाच (१९६०) स्वतंत्र झाला, आपल्यासारखा! गंमत म्हणजे दोन्ही राजधान्या काँगो नदीच्या दोन काठांवर समोरासमोर आहेत, पलीकडच्या इमारती दिसतात, पण मध्ये पूल नाही, बोटीनेच जायचं आणि पासपोर्ट लागतो. सरकारी भाषा दोन्हीकडे फ्रेंच, चलन मात्र वेगळं.